दोन फोटॉन आणि एक खांब

पंधरा नोव्हेंबरला सकाळी दहा वाजता खोली क्रमांक नऊमध्ये पुढील वस्तू होत्या : सोडियम आयोडाइडचे स्फटिक दोन, प्रत्येकी साधारण लोट्याएवढा, ॲल्युमिनियमच्या डब्यात बंद, शिशाच्या विटा छप्पन्न, संगणक एक, टेबले दोन, त्यांपैकी चारही पाय असलेले एक, भिंतीवर पाली दोन, आणि प्लास्टिकच्या चकतीत बसवलेला सिझियमचा कण एक, मसुराच्या डाळीहून लहान. पंखा होता, पण तो फिरत नसल्यामुळे त्याची नोंद ‘छताला जोडलेली वस्तू’ अशी केली. विटा मी दोनदा मोजल्या. सोमाजीकाकांनी एकदा मोजल्या आणि सत्तावन्न सांगितल्या. तिसऱ्यांदा आम्ही मिळून मोजल्या, तेव्हा छप्पन्नच भरल्या.

आमचे महाविद्यालय लाखनी आणि साकोली यांच्या मध्ये, महामार्गाला लागून आहे. पुढे ट्रक, मागे धानाच्या बांध्या. प्रफुल्ल सर येथे भौतिकशास्त्र शिकवतात, सोमाजीकाका सव्वीस वर्षांपासून प्रयोगशाळा परिचर आहेत, आणि मी, रुचिका, एम.एस्सी. झाल्यावर प्रकल्प सहायक म्हणून रुजू झाले. स्फटिक आमचे नव्हते. नागपूरच्या एका संस्थेने ते एकशे वीस दिवसांसाठी दिले होते. चौदा मार्चला ते परत जायचे होते.

प्रयोग समजायला सोपा आहे. सिझियमचे केंद्रक बदलून बेरियमचे होते, तेव्हा त्याच्याकडे थोडी ऊर्जा शिल्लक राहते : ६६२ किलोइलेक्ट्रॉन व्होल्ट. ती बाहेर टाकल्याशिवाय त्याला स्वस्थता नाही. बहुतेक वेळा ते सगळी ऊर्जा एकाच फोटॉनच्या, म्हणजे प्रकाशाच्या एका कणाच्या, हवाली करते आणि मोकळे होते. पण दहा लाखांत दोन-एक वेळा तीच ऊर्जा दोन फोटॉन वाटून घेतात. दोघे एकाच क्षणी निघतात. एकाच्या वाट्याला जास्त आली तर दुसऱ्याच्या वाट्याला कमी. बेरीज कायम ६६२. आम्हाला हे दुर्मीळ जोडपे मोजायचे होते. दोन्ही स्फटिकांत एकाच क्षणी चमक उठली आणि बेरीज जुळली, की एक घटना.

यात फसगत दोन प्रकारे होते. एक, दोन वेगळ्या केंद्रकांमधून निघालेले फोटॉन निव्वळ योगायोगाने एका क्षणी येतात. असे योगायोग किती, ते वेगळे मोजून वजा करावे लागतात. दुसरी फसगत जास्त वाईट. एकच फोटॉन पहिल्या स्फटिकावर आपटतो, थोडी ऊर्जा तिथे टाकतो आणि उरलेली घेऊन दुसऱ्यात शिरतो. आपल्याला वाटते, दोघे आले. म्हणून दोन स्फटिकांच्या मध्ये शिशाची भिंत. छप्पन्न विटा त्यासाठी.

सगळे सुरळीत राहिले तर आठवड्याला एक खरी घटना मिळेल, असा सरांचा हिशेब होता.

सुरळीत राहिले नाही, कारण शेजारी राइस मिल आहे आणि धानाचा हंगाम होता. मिलची मोटर सुरू झाली की आमच्या खोलीतला विजेचा दाब घसरे, आणि ६६२ चा आकडा सहाशे दहावर येऊन बसे. मग सगळे बंद करा, थांबा, नव्याने मोजपट्टी जुळवा. अर्धा दिवस जाई.

“मिल सुरू झाली म्हंजे तुमचा फोटान खाली बसते, म्याडम,” सोमाजीकाका म्हणाले.

“फोटॉन नाही काका, आकडा बसतो.”

“आकडा बसला का फोटान बसला, आपल्याले काय फरक? आपन दोघं तं पुन्हा पह्यल्यापासून करून राहिलो ना जी.”

उपाय होता. महामार्गाच्या पलीकडून गावठाणाची लाइन जाते. तिच्यावर मिल नाही. आमच्या फाटकाजवळ एक खांब उभा राहिला, तर ती लाइन खोली नऊपर्यंत येणार होती, आणि त्याच खांबावर गावाच्या बसथांब्यासाठी एक दिवाही लागणार होता. थांब्यावर अंधार असल्याची तक्रार गाव अकरा वर्षांपासून करत आहे. मी अर्ज केला. नऊ दिवसांत उत्तर आले. इतके लवकर उत्तर आले, हे सरांनी वाईट लक्षण मानले.

“उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, प्रस्तावित खांब हा एका खात्याचा असून तो ज्या जमिनीत उभा राहणार ती जमीन दुसऱ्या खात्याची असल्याने, दोन्ही खात्यांच्या सक्षम अधिकाऱ्यांनी एकाच वेळी स्थळावर उपस्थित राहून संयुक्त पाहणी करणे आवश्यक आहे. एकेकट्याने केलेली पाहणी ग्राह्य धरली जाणार नाही. करिता माहितीस्तव.”

सोयीसाठी मी एकाला खांबखाते आणि दुसऱ्याला रस्तेखाते म्हणते. खांबखात्याचे गिऱ्हेपुंजे साहेब साकोलीच्या बाजूला बसत, रस्तेखात्याचे रामटेके साहेब लाखनीच्या बाजूला. बसत, हे क्रियापद मी पुढे तपासून पाहिले.

गिऱ्हेपुंजे साहेब एके सकाळी अचानक आले. भला माणूस. फाटकाजवळ उभे राहून त्यांनी जमीन बुटाने दाबून पाहिली.

“जागा मस्त आहे. खांब एक नंबर उभा राहते इथं.”

“मग सही, सर?”

“सही दोघांची आहे ना बेटा. मी एकटा पाहून गेलो म्हंजे मी आलोच नाई. कागदावर मी आताही हापिसातच बसून आहो.”

सहा दिवसांनी रामटेके साहेब आले. तेही भले. त्यांनीही बूट दाबला.

“गिऱ्हेपुंजे येऊन गेले म्हणते?”

“हो सर. सहा दिवसांपूर्वी.”

“मंग मले काहून नाई सांगितलं?”

“ते न सांगता आले होते.”

“मी पन न सांगताच आलो. सांगून निघालो तं मिटिंग लागते.” त्यांनी घड्याळ पाहिले. “ते असते तं आत्ता झालं असतं काम. दोन मिनिटांचं आहे.”

त्या संध्याकाळी शिशाच्या भिंतीकडे पाहताना माझ्या लक्षात आले, की प्रश्न नवा नाही. दोन गोष्टी, प्रत्येक आपापल्या जागी नेहमी घडणारी, पण दोन्ही एकाच क्षणी क्वचित. त्यासाठी पद्धत आहे, आणि ती मला येत होती. एक शोधक इकडे, एक शोधक तिकडे, आणि मध्ये वेळेची नोंद. दोघे साहेब एकाच वेळी खुर्चीवर असतात केव्हा, एवढे समजले, की त्या वेळी दोन फोन करून दोघांना एकाच वेळी बोलावता येईल.

खांबखात्यासमोर कुंताबाईंची चहाची टपरी आहे. रस्तेखात्यासमोर चिंधूभाऊंचे पंक्चरचे दुकान. दोघांशी बोलून ठरवले : साहेब खुर्चीवर बसले, की मला एक मिस कॉल. उठले, की दोन.

कोणतेही उपकरण आधी तपासावे लागते. कुंताबाईंना टपरीतून खुर्ची दिसत नसे.

“मंग कळते कसं, मावशी?”

“डायवर चहा पियाले आला म्हंजे साहेब आले. सोपं आहे.”

मी दोन दिवस त्यांच्या बाकावर बसून पडताळले. ड्रायव्हर अकरा वेळा चहाला आला. त्यांपैकी सात वेळा साहेब खुर्चीवर होते. उरलेल्या चार वेळा गाडी साहेबांच्या मॅडमना घेऊन बाजारात आलेली होती. म्हणजे अकरांत चार खोट्या नोंदी. चिंधूभाऊंना खिडकीतून खुर्ची स्वच्छ दिसत असे, पण अर्धा वेळ ते ट्रकखाली असत. ट्रकखालून त्यांना साहेबांचे बूट दिसत. बुटांवरून साहेब ओळखण्यात त्यांची चूक फक्त एकदा झाली, आणि त्या वेळी ते बूट साहेबांच्या साडभावाचे निघाले.

पहिल्या एकतीस दिवसांत कुंताबाईंचे सत्तेचाळीस कॉल आले, चिंधूभाऊंचे एकोणचाळीस. दोघे एकाच वेळी खुर्चीवर : चार वेळा. त्यांपैकी दोन वेळा दोघेही एकाच ऑनलाइन बैठकीत होते. म्हणजे शरीराने आपापल्या खुर्चीवर आणि कामाने मुंबईत. एकदा फोन लागला नाही. एकदा लागला, तेव्हा गिऱ्हेपुंजे साहेब म्हणाले, “निघतोच,” आणि रामटेके साहेब म्हणाले, “ते निघाले का, विचारून सांगा.” विचारेपर्यंत दोघे जेवायला गेले.

दोघे शेजारी शेजारी प्रत्यक्ष दिसल्याची खात्रीलायक नोंद एकच होती. भंडाऱ्याला एका लग्नात, जेवणाच्या रांगेत. ती मी योगायोग म्हणून वजा केली. सरांचे मत वेगळे पडले. दोघांची ताटे एकाच क्षणी भरली होती, तेव्हा ती घटना खरी धरावी, असे ते म्हणाले.

दुसऱ्या प्रकारची फसगतही इथे होतीच. मी खांबखात्याला पत्र लिहिले, की त्यावर ‘रस्तेखात्याकडे उचित कार्यवाहीस्तव’ असा शेरा पडून ते पलीकडे जाई. तिथून ते ‘खांबखात्याच्या अभिप्रायार्थ’ परत येई. दोन्हीकडून मला जावक क्रमांक कळवले जात, आणि मला वाटे, दोघेही हलले. प्रत्यक्षात हललेले पत्र एकच होते. प्रयोगात यावर शिशाचा इलाज आहे. दोन कार्यालयांच्या मध्ये शिसे ठेवता येत नाही, म्हणून मी पत्राखालची ‘प्रत माहितीस्तव’ ही ओळ काढून टाकली. त्या दिवसापासून दोन्ही कार्यालये पूर्ण शांत झाली.

या सगळ्याचा मी चार पानांचा अहवाल लिहिला. त्यात आलेख होता, त्रुटीची मर्यादा होती, योगायोग वजा करण्याची रीत होती. तो अर्जाला जोडून मी दोन्ही खात्यांच्या वरच्या कार्यालयाला पाठवला. माझी अपेक्षा अशी, की एक तर ते रागावतील, नाहीतर तारीख देतील.

ते खूश झाले.

“आपण राबविलेला उपक्रम स्तुत्य व अनुकरणीय असून, त्याचे ‘संयुक्त उपस्थिती संनियंत्रण कक्ष’ असे नामकरण करण्यात येत आहे. कक्षाने दर सोमवारी विहित नमुन्यात अहवाल सादर करावा. उद्दिष्ट : दरमहा संयुक्त उपस्थिती आठ. गतवर्षीच्या तुलनेत किमान दहा टक्के वाढ दर्शवावी. माहिती निरंक असल्यास निरंक असे नमूद करावे.”

“गतवर्षी किती होती?” सरांनी विचारले.

“मोजलीच नव्हती, सर.”

“म्हणजे शून्य.” सरांनी चष्मा पुसला. “शून्यावर दहा टक्के वाढ. हे जमेल आपल्याला.”

माझा हेतू खांबाचा होता. खांबाचा उल्लेख पत्रात नव्हता. पण कक्ष आता मीच होते, म्हणून दर सोमवारी अहवाल पाठवणे भाग होते. त्यात सोमवारचा दिवस जाऊ लागला. खोली नऊमधले यंत्र त्या दिवशी सोमाजीकाका सांभाळत. मिल सुरू झाली, की ते यंत्र बंद करत आणि मला फोन करत. मी अहवालात असे.

मग कक्षाचा विस्तार झाला. माहितीचा स्रोत अधिकृत असावा, या दृष्टीने कुंताबाई आणि चिंधूभाऊ यांना ‘मानसेवी निरीक्षक’ नेमण्यात आले. दोघांना फोटोसह ओळखपत्र मिळाले, गळ्यात घालायच्या निळ्या फितीसकट. चिंधूभाऊंनी एक खुर्चीही मागितली, आणि ती मिळाली. निरीक्षकाचे तोंड सार्वजनिक रस्त्याकडे असावे असा नियम असल्यामुळे ती खिडकीकडे पाठ करून ठेवण्यात आली. खुर्ची आल्यावर त्यांनी ट्रकखाली जाणे सोडले. बूटही दिसेनासे झाले.

दुसऱ्या दिवसापासून कुंताबाईंचे कॉल थांबले. मी बसने साकोलीकडे गेले.

“मावशी, फोन नाही आला तुमचा.”

“आता तसं नाई ना बेटा करता येत.” त्यांनी ओळखपत्र पदरावर सरळ केले. “आधी मी टपरीवाली होतो. कोनालेही काहीही सांगत होतो. आता मी हापिसची आहो.”

“साहेब आहेत की नाहीत, एवढेच सांगा.”

“अर्ज टाक.”

“मावशी, मीच तर तुम्हाला नेमायला लावले.”

“मंग तुले तं मालूम असाले पायजे, अर्ज कसा टाकतात. बस, चहा घे. चहाले अर्ज नाई लागत.”

चहा चांगला होता. ड्रायव्हर माझ्या शेजारी बसून पीत होता. साहेब आले आहेत का, हे मी त्याला विचारले. त्याने कुंताबाईंकडे बोट दाखवले.

फेब्रुवारी असा संपला. खोली नऊमध्ये तोवर चौदा घटना जमा झाल्या होत्या, आणि त्यांतल्या किती खऱ्या, ते सांगायला आकडे अपुरे होते. मी नागपूरला मुदतवाढ मागितली. तिथल्या मॅडमचे उत्तर सरळ होते : स्फटिकांसाठी पुढे आणखी दोन महाविद्यालये रांगेत आहेत, चौदा मार्चला ते परत हवेत. मात्र वीजपुरवठा स्थिर झाल्याचे पंधरा एप्रिलपर्यंत कळवलेत, तर रांग थोडी सरकवून तुम्हाला पुढचे सहा महिने देता येतील. सहा महिने, मिलशिवाय. ते पत्र मी यंत्राच्या वर चिकटवले. एक खांब, आणि आम्हाला ती घटना दिसलीच असे म्हणता येणार होते. खांब नाही, तर माझ्याकडे फक्त घसरलेल्या आकड्यांची वही उरणार होती.

मदत अनपेक्षित दिशेने आली. कक्षाचा फेब्रुवारीचा अहवाल निरंक गेला. उद्दिष्ट आठ आणि साध्य शून्य, हे वार्षिक आढाव्यात दिसणे बरे नव्हते. म्हणून वरच्या कार्यालयाने आदेश काढला : मार्चमध्ये किमान एक संयुक्त उपस्थिती घडवून आणावी. स्थळ म्हणून हाताशी असलेला एकमेव प्रलंबित अर्ज निवडण्यात आला. तो माझा होता. अकरा मार्च, सकाळी साडेअकरा.

बातमी गावात पसरली. दोन खात्यांचे दोन साहेब एकाच वेळी फाटकाजवळ उभे राहणार, हे गावाने पूर्वी पाहिलेले नव्हते. लोक सव्वाअकरापासून जमू लागले. मी दोनदा मोजले : त्रेसष्ट. सोमाजीकाकांनीही मोजले : त्रेसष्ट.

अकरा वाजून एकतीस मिनिटांनी दोन गाड्या समोरासमोरून येऊन थांबल्या. दोन दारे उघडली. माझ्या घड्याळानुसार फरक चार सेकंदांचा होता. खोली नऊच्या हिशेबाने चार सेकंद म्हणजे युगे, पण मी ती घटना खरी धरली.

“या रामटेके साहेब,” गिऱ्हेपुंजे म्हणाले. “लग्नानंतर आताच.”

“तथी तं बोलनंच झालं नाई. तुमी पनीरकडे होते.”

दोघांनी बूट दाबला. जागा दोघांना पसंत पडली. चुन्याने खूण झाली. बॉनेटवर कागद ठेवून दोघांनी सह्या केल्या. रामटेके साहेब म्हणाले होते तसेच, काम दोन मिनिटांचेच निघाले. मी टाळ्या वाजवणार होते, इतक्यात गिऱ्हेपुंजे साहेबांनी कागद उलटला.

“आता पंच. दोन लागतात. गावचे रहिवासी पायजे, कॉलेजशी संबंध नसलेले. इथं क्रमांक एक, त्याच्या खाली क्रमांक दोन. झालं का खांब तुमचा.”

मी, सर आणि सोमाजीकाका अपात्र होतो. बाकी त्रेसष्ट पात्र होते. सगळ्यांत पुढे आनंदराव उभे होते. पानठेल्यावर रोज सकाळी ‘साहेब लोक कामच नाई करत’ हा विषय तेच सुरू करतात.

“मी करतो ना जी. मी कायले मागं हटू?” त्यांनी पेन घेतले. “कुठी करू?”

“इथं. वर.”

“हे कोनाची आहे?”

“पंच क्रमांक एक.”

“अना दोन नंबरवाली?”

“ते खाली.”

“मंग मी खालची करतो. पह्यले कोनीतरी वरची करून टाका.”

“वरची काय, खालची काय,” रामटेके साहेब म्हणाले, “सारखीच आहे.”

“सारखीच आहे तं तुमी नंबर काहून टाकले जी?”

दोन्ही साहेबांनी कागदावरचे नंबर पुन्हा वाचले. आनंदरावांनी पेन थांब्याजवळच्या किराणा दुकानाचे मालक भुपेंद्र यांच्यापुढे केले. भुपेंद्रनी हात मागे घेतले.

“मी तयारच आहो. पन आनंदराव वयानं मोठे. पह्यली सही त्यायची पायजे. मी दुसरी करतो.”

“वयाचं काय आलं त्यात?” आनंदरावांनी विचारले.

“पह्यलीवाल्यालेच कोर्टातून बोलावनं येते ना. आमच्या मामाले आलं होतं. खांबाचं नाई, बकरीचं होतं. सहा वर्षं भंडाऱ्याले जाऊन राहिला मामा. बकरी मेली, बकरीवाला मेला, तारखा चालूच.”

“अना दोन नंबरचा पंच?”

“तो कुठी गेला? घरीच होता. त्याले कोन विचारते?”

ही माहिती गर्दीतून मागेपर्यंत पोचायला साधारण दहा सेकंद लागली. मग मंदाबाई पुढे आल्या. त्या महिला बचत गटाच्या अध्यक्ष आहेत, आणि थांब्यावर दिवा हवा, हा ठराव त्यांनी तीन ग्रामसभांत मांडला आहे.

“खालची सही असन तं आना इकडं. मी करतो. आमच्या गटाच्या बाराही बाया करतील.”

“खालची एकच आहे, मावशी,” मी म्हणाले. “वरची रिकामी आहे.”

“वरची मानसायले करू दे ना. नेहमी तं म्हणतात, आमी पुढं राहतो.”

मी हात वर करायला सांगून मोजणी केली. क्रमांक दोनसाठी तयार : त्रेसष्ट. क्रमांक एकसाठी : शून्य.

सरांनी तोडगा सुचवला. “दोन प्रती करू. एकीवर आनंदराव पहिले, भुपेंद्र दुसरे. दुसरीवर उलट. कोणीच पुढे नाही.”

भुपेंद्रनी बोटांवर मोजले. “म्हंजे दोघंही फसलो.”

मग मी सुचवले. कागद आडवा धरला, तर दोन रेषा वर-खाली राहत नाहीत, शेजारी शेजारी उभ्या होतात. पेने दोन. मी एक, दोन, तीन म्हणेन आणि दोघांनी एकाच क्षणी सही करायची. पहिला कोण, हे कोणत्याही कोर्टाला ठरवता येणार नाही. लोकांना हे पटले. आनंदराव आणि भुपेंद्र कागदावर वाकले. त्रेसष्टांपैकी एकसष्ट जण वाकून पाहू लागले.

“एक. दोन. तीन.”

दोन पेने कागदापासून तांदळाच्या दाण्याएवढ्या अंतरावर थांबली होती.

“तू काहून थांबला रे?” आनंदरावांनी विचारले.

“मी तुमच्याकडं पाहून राहिलो होतो.”

“मी पन तुझ्याचकडं पाहून राहिलो होतो.”

दुसऱ्या वेळी तेच झाले. तिसऱ्या वेळी आनंदरावांच्या पेनाचा कागदावर ठिपका पडला. तो ठिपका आपला नाही, असे त्यांनी साहेबांसमोर सांगितले, आणि साहेबांनी त्यावर गोल करून ‘ठिपका’ असे लिहिले. चौथ्या वेळी दोघांच्या जागी दुसरे दोघे आले. असे सात जोड्यांनी केले. बारा वाजून वीस मिनिटांनी रामटेके साहेबांनी घड्याळ पाहिले, गिऱ्हेपुंजे साहेबांनीही पाहिले, आणि दोन गाड्या दोन दिशांना एकाच वेळी निघाल्या. जाण्यापूर्वी गिऱ्हेपुंजे साहेबांनी कागद माझ्या हातात दिला.

“आमचं झालं बेटा. आमच्या सह्या आहेत. तीस दिवस चालते हा कागद. दोन सह्या घे, पाठवून दे, आठ दिवसांत खांब उभा करतो. अना कक्षाच्या अहवालात आमचा एक लिहून टाक.”

मी लिहून टाकला. संयुक्त उपस्थिती : एक. कक्षाला नंतर अभिनंदनाचे पत्र आले. गर्दी पानठेल्याकडे गेली. तिथे विषय निघाला, की साहेब लोकांना थांबायला वेळच नसतो.

चौदा मार्चला आम्ही स्फटिक कापसात गुंडाळून नागपूरला पाठवले. एकशे वीस दिवसांपैकी यंत्र नीट चाललेला काळ : बेचाळीस दिवस. ६६२ बेरजेच्या एकत्र घटना सतरा. योगायोगाच्या अकरा. उरलेल्या सहा, अनिश्चितता अधिक-उणे पाच. म्हणजे दिसले असेही म्हणता येत नाही आणि नाही असेही नाही.

कागदाला अजून मुदत होती. मी घरोघर गेले. प्रत्येक घरी चहा मिळाला, आणि प्रत्येकाने विचारले, वरची कोणी केली का. म्हणून मी तो कागद बसथांब्याच्या फलकावर लावला आणि सुतळीने पेन बांधले. लोकांना प्रकरण समजावे, कोणी काय केले आणि काय अडले आहे हे कळावे, यासाठी इथपर्यंतची ही सगळी हकीगत लिहून कागदाशेजारी लावली. सोमाजीकाका फाटकाजवळ खुर्ची टाकून मोजायला बसले.

निरीक्षण काळ : अठरा मार्च ते दहा एप्रिल. हकीगत शेवटपर्यंत वाचणारे : चारशे बारा. वाचून ‘लोक असेच असतात’ असे म्हणणारे : तीनशे अठ्ठ्याऐंशी. खालच्या रेषेवर सह्या : एकतीस. वरच्या रेषेवर : शून्य.